अक्का, माझा खांदा राहिला होता

अक्का, तुम्ही गेलात हे आपल्या प्राणीघरात सगळ्यांत जास्त कुणी मनावर घेतलं असेल, तर ते उंदरांनी. माणसं रडून मोकळी झाली. उंदीर मात्र अजून सकाळी दार वाजलं की मागच्या दोन पायांवर उभे राहून जाळीशी नाक लावतात, दारातून मी आत आले असं दिसलं की पाठ फिरवतात आणि भुशात शिरतात. इतका उघड अपमान माझा आजवर कुणी केला नव्हता.

तुम्ही त्यांच्याशी कानडीत बोलायचात. कर्नाटकाच्या सीमेलगतच्या मुरुमच्या बाईच्या तोंडात दोन्ही भाषा असायच्याच, पण आम्हां सगळ्यांशी मराठी आणि उंदरांशीच तेवढी कानडी, हे मला कधी कळलं नाही. एकदा विचारलं तर म्हणालात, "त्येंचं माझं खासगी असतंय." परवा आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी जाळीपाशी वाकले आणि तुमच्यासारखं "सुम्ने कुंद्रु" म्हणून पाहिलं. गुमान बस, एवढाच त्याचा अर्थ, तुम्हीच सांगितला होता. एका उंदरानं जांभई दिली आणि तो झोपला. उच्चार चुकला असणार.

तुमच्यावर पेपरात चार ओळी आल्या. धाराशिवच्या औषधशास्त्र महाविद्यालयातल्या प्राणीघराच्या प्रमुख, ज्येष्ठ पशुवैद्य, मनमिळाऊ स्वभाव. मनमिळाऊ! मी वाचून मोठ्यानं हसले, आणि मग हसताना रडू आलं म्हणून पेपर बाजूला ठेवला. ज्या बाईनं मला पहिल्याच आठवड्यात सगळ्यांसमोर "ए शास्त्रीणबाई, ससा हाय त्यो, कोथिंबिरीची जुडी न्हवं, बुडाखाली हात घाल" असं झापलं, तिला कुणी मनमिळाऊ म्हटलेलं मला चालणार नाही. मी नव्या औषधांवर काम करणारी, पुण्यात शिकून आलेली, इस्त्रीचा पांढरा अ‍ॅप्रन घालून फिरणारी. तुम्ही आधी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात बैलांच्या पोटात हात घालून आलेल्या. आपलं पटायचं काही कारणच नव्हतं. पण भांडायला तुमच्याइतकं चांगलं माणूस मला पुन्हा मिळणार नाही, हे मात्र मी लेखी द्यायला तयार आहे.

आपलं पहिलं भांडण तुमच्या त्या प्रश्नावरून झालं. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी तुम्ही दारात उभ्या राहायचात आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचात, "आज हात कसाय?" कुणी "बराय" म्हणायचं आणि आत जायचं. कुणी "आज बरा न्हाई" म्हटलं तर तुम्ही पुढचा एक शब्दही विचारायचा नाहीत. त्या माणसाला त्या दिवशी जनावर धरायचं काम नाही. त्यानं भुसा चाळावा, बाटल्या धुवाव्यात, कुलरमध्ये पाणी भरावं. मला वाटलं, हा कामचुकारांसाठी काढलेला सरकारी मार्ग आहे. मला विचारलंत तेव्हा मी म्हणाले, "हाताला काय धाड भरलीय? पाचही बोटं जागेवर आहेत." तुम्ही म्हणालात, "बोटं मोजायला मला बी येतंय. घरी भांडून आलेला हात दाबून धरतोय, भेलेला हात सैल धरतोय. जनावराला दोन्ही दुखतंय. आन मग ते चावतंय, आन मग तुमी त्येला वंगाळ म्हणता." मी गेली कित्येक वर्षं रोज सकाळी तेच उत्तर देत राहिले, पाचही बोटं जागेवर आहेत. तुम्हीही रोज न चुकता विचारत राहिलात. चिवटपणात आपण दोघी सारख्याच होतो.

आणि मग दत्तानं ती हळद लावली.

आठवतंय ना? आता आठवून मला हसू येतं, त्या सकाळी मात्र मी प्रयोगशाळा डोक्यावर घेतली होती. उंदीर सगळे पांढरेच, म्हणून ओळख पटावी यासाठी आपण त्यांच्या अंगावर पिवळा रंग लावतो. एकाच्या डोक्यावर, दुसऱ्याच्या पाठीवर, तिसऱ्याच्या शेपटीवर. कोणता कोणता ते त्या पिवळ्या खुणेवरूनच कळतं. पोळ्याच्या दिवशी सकाळी मी आत आले आणि बघते तर माझे सगळे उंदीर पिवळे! एकजात! डोक्यापासून पाठीपर्यंत! आणि मी ज्या औषधावर काम करत होते ते होतं सुजेवरचं. सुजेवर आपल्याकडे घरोघरी काय लावतात ते मी सांगायला नको. उंदरांनी अंग चाटून चाटून ती हळद पोटातही घेतली होती. आता सूज उतरली तर ती माझ्या औषधानं की दत्ताच्या हळदीनं, हे कोण सांगणार होतं?

मी ओरडत तुमच्यापर्यंत पोचायच्या आत दत्ताच तुमच्यापुढे येऊन उभा राहिला. अणदूरचा धनगराचा गडी, पिंजऱ्यांची निगा राखणारा, माझ्याहून वयानं मोठा. हात अजून पिवळेच होते. म्हणाला, "अक्का, म्या लावली. काल खांदमळणी हुती. घरी जायला रजा मिळाली न्हाई. भावानं घरी बैलांचा खांदा मळला आसंल. मला ऱ्हावलं न्हाई, म्हून हितल्या जनावरांचा मळला. उंदराचा खांदा बारका, अक्का. हळद पसरली."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद आणि लोणी लावून चोळतात, वर्षभर जू ओढलेला खांदा असतो तो. इतकी साधी गोष्ट. ती उंदराला लावणारा माणूस मात्र साऱ्या मुलखात आपल्याकडेच सापडायचा होता.

तुम्ही हसाल असं मला वाटलं होतं. हसला नाहीत. दत्ताला म्हणालात, "हे समदं आता पहिल्यापासनं करायचं. म्हंजे तुझ्या हळदीपायी आजून तितकीच जनावरं लागणार. हे मनात ठिव, जन्मभर ठिव." त्याचे डोळे भरले. मग तुम्ही त्याला स्टुलावर बसवलंत आणि म्हणालात, "आता च्या पी." चहा तुम्ही स्वतः केलात आणि तो पिऊन होईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहिलात.

मी तुमच्या मागे लागले की याला कामावरून काढा. तुम्ही म्हणालात, "काढते की. पर मग फुडल्या बारीला ज्येचं चुकंल, त्यो सांगाया यील का माज्याकडं? ह्येनं रातोरात उंदरं धुवून ठिवली असती तर तू त्ये आकडे छापून बसली असतीस, शास्त्रीणबाई. भेलेला माणूस लपवतोय आन मरतंय जनावर." मी यावर काहीतरी उत्तर दिलं होतं. काय ते आता आठवत नाही, म्हणजे फारसं चांगलं नसणार. पण एक सांगते, शिस्तीबद्दल मी जे म्हणत होते त्यातलं निम्मं अजूनही बरोबर आहे. तुम्ही असतात तर उरलेल्या निम्म्यावर आज पुन्हा वाजलं असतं.

दत्ता राहिला. पुढच्या वर्षी खांदमळणीच्या संध्याकाळी तुम्ही घरून पितळेच्या वाटीत लोणी-हळद कालवून आणलीत आणि सगळ्यांना व्हरांड्यात बोलावलंत. म्हणालात, "उंदराला हळद लावायची न्हाई. ती आपलं वझं वाहत्यात, आन आपण त्येंचं वाहतो. त्येंचा खांदा मळाया येत न्हाई, मग आपला मळू." आणि एकेकाच्या खांद्यावर, अ‍ॅप्रनवरूनच, बोटभर लोणी-हळद चोळलीत. बैलाला घरी म्हणतात तेच म्हणालात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." माणसं आधी लाजली, मग खिदळली. एक लिपिक बैलासारखा हंबरला. तुमच्या खांद्याला कुणी लावायची असा प्रश्न आला तेव्हा तुम्ही दत्ताला पुढे बोलावलंत. म्हणालात, "हळदीचा मान ह्येचाच."

दुसऱ्या दिवशी पोळा. त्या दिवशी आपल्याकडे कुणाच्याही अंगाला सुई लागायची नाही. वजन नाही, रक्त काढणं नाही. खाणं, पाणी, सफाई, बस्स. जनावरांना त्यांचं रोजचंच खाणं, कारण "पुरणानं त्येंचं प्वाट बिघडतंय." पुरणपोळी माणसांना. मी दर वर्षी वेळापत्रक पुढे धरून तुमच्याशी भांडायचे की एका दिवसासाठी अख्खा प्रयोग मागेपुढे सरकवावा लागतो. तुम्ही म्हणायचात, "सरकव की. वेळापत्रकाला काय जू हाय व्हय?"

आणि दर वर्षी मी खांदा मागे घ्यायचे. इस्त्रीचा अ‍ॅप्रन, हळदीचा डाग, तो काही जात नाही, वगैरे. तुम्ही कधी आग्रह केला नाहीत. वाटी घेऊन माझ्यासमोर क्षणभर थांबायचात आणि म्हणायचात, "ऱ्हाऊ दे. खांदा कुठं पळून जातोय?" आणि पुढच्या माणसाकडे जायचात. खांदा नाही गेला अक्का. तुम्ही गेलात.

नाझनीनची गोष्टही सांगते, कारण ती पुढे लागणार आहे. नळदुर्गची पोर, संशोधनाला माझ्या हाताखाली आलेली, हुशार आणि घाबरट. प्रयोगाचा शेवटचा दिवस म्हणजे काय, ते आपल्याकडे कुणी मोठ्यानं बोलत नाही. औषध देऊन, त्रास न होऊ देता, पण शेवटी जनावर जातं. तिचा तो पहिला शेवटचा दिवस होता. ती खाद्याच्या पोत्यांच्या खोलीत जाऊन रडत बसली. मी तिला उठवायला निघाले तर तुम्ही दारात आडव्या. मी म्हणाले, "अक्का, रोज असं रडत बसली तर काम कसं करणार?" तुम्ही म्हणालात, "रडू दे. हिचं रडणं बंद झालं की मला सांग. मग मी काळजी करते." मग तुम्हीच नेम घालून दिलात की शेवटच्या दिवशी कुणी एकट्यानं काम करायचं नाही आणि काम झाल्यावर कुणी एकट्यानं जेवायचं नाही. व्हरांड्यात सगळ्यांनी गोल बसायचं, डबे मध्ये ठेवायचे. जे जनावर गेलं त्याच्याबद्दल कुणाला काही बोलायचं असलं तर बोलावं, नसलं तर शेंगदाण्याची चटणी पुढे सरकवावी. मी त्या गोलात बसायचे. चटणी सरकवायचे. बोलले कधी नाही.

तुमच्या आजारपणात सोलापूरच्या दवाखान्यात मी तुम्हाला भेटायला आले तेव्हा तुम्ही उशीला टेकून बसला होता आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिच्या शेळीच्या खुराबद्दल सल्ला देत होता. मला बघितल्यावर सरळ मुद्द्यावर आलात. "माज्यामागं प्राणीघर तू घे." मी म्हणाले, "माझं आणि उंदरांचं पटत नाही." तुम्ही म्हणालात, "उंदरांचं म्या बघितलंय. माणसांचं इचारते." मी विषय टाळत म्हणाले, "आधी बऱ्या होऊन या, मग भांडू." तुम्ही हसलात. "व्हय बाई. भांडण आर्धं ठिवून मला जाता यायचं न्हाई." पण गेलात. अर्धं ठेवून गेलात. या एका गोष्टीचा मला तुमचा खरोखर राग आहे.

खरं सांगायचं तर मला नको होतं ते, अक्का. भीती वाटत होती. मला तक्ते सांभाळता येतात, औषधाची मात्रा काढता येते. समोरच्याचा हात कसा आहे हे त्याच्या तोंडाकडे बघून ओळखणं मला जमत नाही. प्राचार्य म्हणाले, तुमची इच्छा नसेल तर बाहेरून माणूस आणू, शिस्तीचा, वेळापत्रकावर चालणारा. माझ्याच तोंडचे शब्द होते ते सगळे. ऐकताना मात्र पुढचं सगळं दिसायला लागलं. दारात उभं राहून प्रश्न विचारणारं कुणी नसेल, पोळ्याला सुई थांबणार नाही, हळद तर लांबच. तुमचं सगळं तुमच्याबरोबरच संपणार होतं. तरीही मी म्हणाले, विचार करून सांगते.

तुम्ही गेल्यापासून सकाळी कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. सगळे मुकाट्यानं आत यायचे. गेल्या आठवड्यात मला नाझनीनच्या बोटाला पट्टी दिसली. विचारलं तर म्हणाली, "भाजी चिरताना लागलं, मॅडम." पट्टी सुटत आली होती. मी बोट हातात घेऊन बघितलं, दोन बारीक टोचे, उंदराचे दात. चावल्यावर लगेच सांगायचं, धुवायचं, इंजेक्शन घ्यायचं, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ. ती घाबरून गप्प राहिली होती. मला घाबरून. "बोलली का नाहीस?" म्हटलं तर खाली मान घालून म्हणाली, "अक्का होत्या तर सांगितलं असतं."

इतकं स्पष्ट कुणी कधी बोललं नव्हतं मला. मी तिला गाडीवर मागे बसवून दवाखान्यात नेलं आणि इंजेक्शन होईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिले. येताना वाटेत चहा पाजला. चहा चांगला आहे, असं म्हणाले. ती म्हणाली, "पाणीच आहे मॅडम." आम्ही दोघी हसलो. तुम्ही गेल्यावर मी कुणाबरोबर पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात उभी राहिले. नाझनीन आली तशी विचारलं, "आज हात कसा आहे?" अक्का, काय वाईट निघाला तो प्रश्न! बँकेतला कारकून सही मागतो तसा. ती दचकली, मग "बराय मॅडम" म्हणाली आणि हसू दाबत आत गेली. मागे दत्ता होता. त्यालाही विचारलं. त्यानं आधी छताकडे बघितलं, मग माझ्याकडे. "माजा बराय. तुमचा कसाय?"

पाचही बोटं जागेवर आहेत, हे जिभेवर होतं. पण म्हणाले, "बरा नाही रे दत्ता." त्यानं माझ्या हातातला ट्रे घेतला, बाटल्यांच्या टोपलीकडे बोट दाखवलं आणि आत गेला. मी त्या सकाळी बाटल्या धुतल्या. धुताना भरपूर रडले. नळ चालू होता, त्यामुळे कुणाला काही ऐकू गेलं नसावं. गेलं असेल तरी कुणी तसं दाखवलं नाही.

काल खांदमळणी होती. संध्याकाळी कुणी न बोलावता सगळे व्हरांड्यात जमले. दत्तानं तुमच्या घरी जाऊन तुमची तीच पितळेची वाटी मागून आणली होती. लोणी त्याच्या घरचं, हळद त्यानंच कालवलेली. वाटी मधल्या स्टुलावर ठेवली आणि सगळे तिच्याकडे बघत राहिले. कुणी हात लावेना. मग मी उठून वाटी उचलली. बोटावर हळद घेतली आणि एकेकाच्या खांद्याला चोळत गेले. तुमचं ते आवतनाचं वाक्य पहिल्या दोघांच्या वेळी उलटसुलट झालं, तिसऱ्यापासून जमलं. लिपिकाला मी म्हणाले, यंदा हंबरायचं नाही. तो हंबरलाच.

वाटी खाली ठेवायला वळले तर मागे नाझनीन उभी. तिनं वाटी माझ्या हातातून काढून घेतली. "मॅडम, तुमचा खांदा." मी सवयीनं मागे सरकले, म्हणाले, "अगं, अ‍ॅप्रन..." तर दत्ता मागून म्हणाला, "अक्का म्हनायच्या, खांदा कुठं पळून जातोय. आज पळाया लागलाय, धर." पोरीनं खरंच धरला. पट्टी बांधलेल्या बोटानं माझ्या खांद्यावर हळद-लोणी चोळलं, घाईघाईत, पुसट, आणि म्हणाली, "आज आवतन घ्या मॅडम, उद्या जेवायला या."

लोणी गार असतं हे मला माहीत नव्हतं. तुम्ही इतकी वर्षं हे देत होता आणि मी इस्त्री सांभाळत होते.

तो डागाचा अ‍ॅप्रन घालून मी तशीच प्राचार्यांच्या खोलीत गेले. म्हणाले, प्राणीघर मी घेते. ते माझ्या खांद्याकडे बघत होते. मी म्हणाले, एक अडचण आहे, उद्या पोळा आहे, उद्या आमच्याकडे सुई लागणार नाही. ते म्हणाले, "तुम्हीच तर दर वर्षी तक्रार घेऊन यायचात." मी म्हणाले, ती तक्रार ज्यांच्याशी भांडण्यासाठी होती, त्या बाई आता नाहीत.

तर अक्का, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे. सोलापूरला द्यायला हवं होतं, तिथं सुचलं नाही. माणसांचं जमेल की नाही ते मला ठाऊक नाही, पण त्यांनी माझं जमवून घ्यायचं ठरवलेलं दिसतंय. उंदरांचं मात्र कठीण आहे, तुम्ही मला थोडी कानडी शिकवायला हवी होती.

आज पोळा. आत सगळं शांत आहे, सुया कपाटात बंद आहेत, नाझनीन पाण्याच्या बाटल्या बदलतेय. पुरण दत्ताच्या घरून आलंय, व्हरांड्यात पानं मांडायला घेतलीत. तुमचं पान तुमच्या नेहमीच्या जागी, माझ्या समोरच, भांडायला सोयीचं पडावं म्हणून. काल प्रत्येकाला दिलं, तुम्हाला द्यायचं राहिलं. आवतन घ्या, अक्का. जेवायला या.